प्रक्रिया-आकृतीच्या प्रश्नासाठीचा एक छोटा अभ्यासक्रम: आयईएलटीएसच्या तयारीत त्याचा उपयोग किती?

पुण्यातील एका खासगी शिकवणी वर्गाने आयईएलटीएसच्या, म्हणजे इंग्रजी भाषेच्या प्रावीण्य चाचणीच्या, अकॅडेमिक परीक्षेतील एकाच प्रकारच्या प्रश्नासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला आहे. कारखान्यात एखादी वस्तू कशी तयार होते हे दाखवणारी आकृती समोर ठेवून तिचे इंग्रजीत वर्णन करायला सांगणारा हा प्रश्न अनेकांना अनपेक्षित वाटतो आणि ऐन परीक्षेत घाबरवतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. परदेशी शिक्षणासाठी शिफारसपत्र मागायला येणारे विद्यार्थी वाचन आणि श्रवण या विभागांत उत्तम बँड (या परीक्षेतील गुणपातळी) मिळवतात, मात्र लेखनात अडकतात, हे मी सातत्याने पाहत आले आहे. त्यांना काय सुचवावे हे ठरवता यावे म्हणून मी हा अभ्यासक्रम स्वतः शुल्क भरून पूर्ण केला. वर्गाचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे त्याच्या उणिवाही स्पष्टपणे मांडल्या आहेत आणि अशा धर्तीचे अभ्यासक्रम आता अनेक शहरांत निघाले असल्यामुळे वाचकाला एका नावापेक्षा पारखण्याचे निकष अधिक उपयोगी पडतील.

ज्यांना या परीक्षेची पुरेशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आयईएलटीएस ही परीक्षा 1989 पासून घेतली जाते आणि ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी व केंब्रिज या तीन संस्था तिच्या संयुक्त मालक आहेत. भारतात मात्र 2021 पासून ती आयडीपीमार्फतच होते. लेखनाचा पेपर 60 मिनिटांचा असून त्यात दोन प्रश्न असतात. अकॅडेमिक पेपरच्या पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती यांपैकी काहीही येऊ शकते आणि तिचे किमान 150 शब्दांत वर्णन करायचे असते, ज्यासाठी 20 मिनिटे राखावीत असे प्रश्नपत्रिकाच सुचवते. दुसरा प्रश्न किमान 250 शब्दांच्या निबंधाचा असतो आणि लेखनाच्या बँडमध्ये त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. प्रत्येक उत्तर चार निकषांवर तपासले जाते: प्रश्नात मागितलेले काम किती पूर्ण केले, मांडणी किती सुसंगत आहे, शब्दसंपत्ती किती आहे आणि व्याकरणाची व्याप्ती व अचूकता किती आहे. या चारही निकषांना सारखेच महत्त्व असते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप साधे आहे. आधी ध्वनिचित्रमुद्रित पाठ पाहायचे, शनिवार-रविवारी शिक्षिकेसमवेत थेट तासिकेला बसायचे आणि दरम्यान घरी उत्तरे लिहून तपासणीसाठी पाठवायची. यातील थेट तासिका हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, हे निःसंकोच सांगते. त्याचे श्रेय शिकवणाऱ्या बाईंना आहे. त्या मराठी माध्यमात शिकलेल्या असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्याचे वाक्य नेमके कुठे घसरते हे त्यांना आधीच ठाऊक असते.

पहिल्या थेट तासिकेचा पूर्वार्ध आकृती केवळ पाहण्यात गेला आणि कोणालाही लिहू दिले गेले नाही. सरावासाठी सर्वत्र वापरली जाणारी विटांच्या उत्पादनाची आकृती समोर होती. एक खणणारे यंत्र जमिनीतून माती काढते, ती धातूच्या जाळीवरून आणि रोलरमधून जाते, तिच्यात वाळू व पाणी मिसळले जाते, मग ती एकतर तारेच्या कटरने कापली जाते किंवा साच्यात घातली जाते. त्यानंतर कच्च्या विटा 24 ते 48 तास वाळवण्याच्या ओव्हनमध्ये राहतात, भट्टीत आधी 200 ते 980 अंश सेल्सिअस या मध्यम आणि नंतर 870 ते 1300 अंश या उच्च तापमानाला भाजल्या जातात, 48 ते 72 तास थंड होतात आणि शेवटी बांधून रवाना केल्या जातात. ही आकृती बघून वर्गात कोणी सात टप्पे मोजले, कोणी नऊ, तर कोणी भट्टीतील दोन तापमाने वेगळी धरून त्याहूनही अधिक. बाईंनी यांपैकी कोणताही आकडा चूक ठरवला नाही, मात्र प्रत्येकाला आपला टप्पा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याचे उत्तर द्यायला लावले. या चर्चेतून एक मोठी गोष्ट साध्य झाली. आकृतीत प्रवाहाचा मार्ग कोठे दुभंगतो, बाजूने कोणता पदार्थ येऊन मिसळतो आणि कोणत्या दोन टप्प्यांना एकाच वाक्यात आणता येईल, हे लिहिण्यापूर्वीच स्पष्ट झाले. कटर आणि साचा हे एकामागून एक येणारे टप्पे नसून एकमेकांचे पर्याय आहेत, ही गोष्ट वर्गातील निम्म्याहून अधिक जणांच्या आधी लक्षात आली नव्हती. प्रत्यक्ष उत्तरात ही चूक झाली असती, तर इंग्रजी कितीही निर्दोष असले तरी माहिती चुकीची ठरली असती.

यानंतरचा भाग ओव्हरव्ह्यूचा, म्हणजे संपूर्ण प्रक्रियेचे दोन वाक्यांत दर्शन घडवणाऱ्या परिच्छेदाचा होता, आणि शुल्क कुठे वसूल झाले असे कोणी विचारले तर मी याच पाठाकडे बोट दाखवीन. परीक्षेचे बँडनिहाय निकष संबंधित संस्थांनी प्रसिद्ध केलेले आहेत. पाचव्या बँडच्या वर्णनात, तपशील बहुतांशी यांत्रिकपणे सांगितले जातात, अशा अर्थाचा उल्लेख आहे; सातव्या बँडसाठी स्पष्ट ओव्हरव्ह्यू अपेक्षित आहे. आपले विद्यार्थी पहिल्या बाणापासून शेवटच्या बाणापर्यंत एकेक टप्पा प्रामाणिकपणे सांगत जातात आणि त्यांना वाटते की सगळे सांगितले म्हणजे काम झाले. विटांच्या आकृतीसाठी वर्गात तयार झालेला ओव्हरव्ह्यू असा होता: ही एका दिशेने जाणारी प्रक्रिया असून तिची सुरुवात माती खणण्याने आणि शेवट विटा पोचवण्याने होतो, मधल्या टप्प्यांत मातीला आकार देणे, वाळवणे, दोन तापमानांना भाजणे आणि थंड करणे येते. यात एकही आकडा नाही, ही गोष्ट बाईंनी मुद्दाम दाखवली. आकड्यांची जागा पुढच्या परिच्छेदांत असते.

व्याकरणाचा पाठ मला सर्वांत समृद्ध वाटला आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य ठरेल. कारखान्यातील प्रक्रियेच्या वर्णनात काम करणारा माणूस महत्त्वाचा नसतो, वस्तूचे काय होते ते महत्त्वाचे असते, म्हणून इंग्रजीत अशा ठिकाणी पॅसिव्ह (कर्मणी) रचना येते, हे शाळेपासून प्रत्येकाला माहीत आहे. तरीही उत्तरात ‘दे क्रश द क्ले’ अशी वाक्ये उतरतात. याचे कारण आपल्या बोलण्यात आहे. मराठीत ‘माती चाळतात, मळतात, साच्यात घालतात’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यात कोण चाळते हे कोणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र ‘दे’ आले की वाचक तो ‘दे’ कोण हे शोधू लागतो. ‘माती चाळली जाते’ ही रचना, जिला व्याकरणाच्या पुस्तकांत नवीन कर्मणी म्हटले जाते, इंग्रजी पॅसिव्हला जवळची आहे आणि बाईंनी विद्यार्थ्यांना आधी मराठीतच सगळी प्रक्रिया याच रचनेत सांगायला लावली. ज्यांना इंग्रजीत अडखळायला होत होते ते मराठीत न अडखळता सांगू लागले आणि मग इंग्रजीत येताना त्यांच्या वाक्यातून ‘दे’ आपोआप गळून पडला.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती इतक्या नेमकेपणाने शिकवलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. मराठीत ‘माती वाळवून, भाजून, थंड करून गाडीत भरतात’ असे ‘ऊन’ प्रत्ययाच्या धातुसाधितांनी तीन-चार क्रिया एका वाक्यात ओवता येतात आणि वाक्य जराही बिघडत नाही. हीच वीण इंग्रजीत उतरवली की ‘आफ्टर ड्राइंग द ब्रिक्स, द किल्न हीट्स देम’ असे वाक्य तयार होते, ज्याचा शब्दशः अर्थ भट्टीनेच विटा वाळवल्या असा होतो. परीक्षकाला आशय कळतो, तरी व्याकरणाच्या अचूकतेत ही चूक मोजली जाते. यावर बाईंनी सांगितलेला उपाय असा की, वाक्याच्या दोन्ही भागांत एकच वस्तू कर्त्याच्या जागी ठेवायची: विटा वाळवल्या गेल्यावर त्या भट्टीत नेल्या जातात. एवढा एक नियम पाळला तरी बहुतेकांची वाक्ये सुधारली.

सरसकट पॅसिव्ह वापरण्याच्या सवयीलाही याच पाठात आवर घातला गेला. रेशमाच्या आकृतीचे उदाहरण त्यासाठी निवडले होते आणि ती निवड अचूक होती. त्या आकृतीच्या एका भागात रेशीमकिड्याचे जीवनचक्र असते, तर दुसऱ्या भागात कोशापासून कापड होईपर्यंतचे टप्पे असतात. अळी पाने खाते, धागा काढते, कोश विणते, त्यातून पतंग बाहेर पडतो. या सगळ्या क्रिया तो जीव स्वतः करतो, त्यामुळे तेथे साधी कर्तरी रचनाच हवी. कोश उकळले जातात, धागा उलगडला जातो, पिळला जातो, रंगवला जातो, विणला जातो. येथे माणसाचे काम सुरू होते आणि पॅसिव्ह आवश्यक ठरते. शिवाय पहिला भाग चक्राकार आहे आणि दुसरा सरळ रेषेत जाणारा, हा फरक ओव्हरव्ह्यूमध्ये आला पाहिजे. एका आकृतीत व्याकरणाचा आणि निरीक्षणाचा असा मेळ साधणारा पाठ तयार करणे हे जाणत्या शिक्षकाचे काम आहे.

साखरेच्या आकृतीवरील तासिका महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची होती. उसापासून साखर तयार होण्याच्या या सराव-आकृतीत 12 ते 18 महिन्यांची ऊसवाढ, हाताने किंवा यंत्राने तोडणी, गाळप, चुनखडीच्या गाळणीतून रसाचे शुद्धीकरण, बाष्पीभवनाने रसाचा पाक होणे, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरणाऱ्या यंत्रात) स्फटिक वेगळे होणे आणि शेवटी साखर वाळवून थंड करणे, एवढेच टप्पे आहेत. वर्गात कोल्हापूर आणि सांगलीकडची मुले होती. घरचा ऊस, दारात उभ्या राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, गव्हाणीत मोळी टाकून सुरू होणारा गळीत हंगाम हे सारे पाहतच ती मोठी झाली होती, आणि त्यामुळे त्यांची उत्तरे भरगच्च झाली. एकाने रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडण्याविषयी लिहिले, बगॅस (उसाचा चोथा) बॉयलरमध्ये जाळून वीज कशी तयार होते ते लिहिले, मळी आसवनीकडे जाते तेही लिहिले. आपल्याकडील कारखान्यांच्या दृष्टीने यातील प्रत्येक विधान खरे आहे. मात्र यातील एकही गोष्ट त्या आकृतीत नव्हती.

बाईंनी ते उत्तर पडद्यावर घेतले आणि आकृतीत ज्याला आधार नाही अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढली. उत्तराचा जवळजवळ अर्धा भाग रेघांनी भरला आणि उरलेल्या अर्ध्यात सेंट्रिफ्यूजचा टप्पा राहूनच गेला होता. या प्रश्नात परीक्षकाला साखर-तंत्रज्ञान शिकवायचे नसते; समोर दिलेली माहिती निवडून, जुळवून, नेमकी सांगायची असते, आणि बाहेरून आणलेल्या ज्ञानाला गुण नाहीत. हा मुद्दा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे, कारण आमच्या विषयांत अधिक माहिती देणाऱ्याला आम्हीच अधिक गुण देत असतो. त्या मुलाचा उत्साह न मोडता त्याला ही मर्यादा समजावून देणे सोपे नव्हते. बाईंनी आधी त्याच्याकडून कारखान्याची माहिती मनापासून ऐकून घेतली आणि मगच उत्तराकडे वळल्या. शिकवण्याच्या या पद्धतीचा मला मनापासून आदर वाटला.

याच वर्गात परिचारिकाही होत्या, हे येथे नोंदवायला हवे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी ही परीक्षा देणाऱ्यांना तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या अटीनुसार लेखनात 6.5 आणि उरलेल्या तीन विभागांत 7 बँड लागतात. रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या या स्त्रियांचा भट्टी, रोलर, बाष्पीभवक यांच्याशी कधी संबंध आलेला नसतो आणि त्यामुळे हा प्रश्न आपल्यावर अन्याय करतो, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे अभियंत्यांपेक्षा सरस निघाली. काय दिसते आहे तेवढेच, क्रमाने, अचूक वेळांसह लिहिण्याची सवय त्यांना रुग्णाच्या नोंदी ठेवताना लागलेली होती, आणि हा प्रश्न नेमके तेच मागतो. आकृतीतील यंत्रांची नावे बहुधा आकृतीवरच छापलेली असतात. ती पाठ असण्याची गरज नसते. ‘तांत्रिक प्रश्न आहे, आपल्याला जमणार नाही’ असे म्हणून हा भाग सोडून देणाऱ्या कला, वाणिज्य आणि वैद्यकीय शाखांच्या उमेदवारांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

सिमेंट आणि काँक्रीटच्या जोडआकृतीवरील पाठ तुलनेने घाईत उरकला गेला. पहिल्या आकृतीत तयार झालेले सिमेंट दुसऱ्या आकृतीत कच्चा माल म्हणून येते आणि काँक्रीटमध्ये 15 टक्के सिमेंट, 10 टक्के पाणी, 25 टक्के वाळू आणि 50 टक्के खडी असते, म्हणजे खडी एकटीच निम्मा वाटा उचलते, असे दोन मुद्दे सांगून विषय संपवण्यात आला. अशा दोन आकृत्यांच्या प्रश्नात परिच्छेद कसे पाडावेत यावर आणखी सराव हवा होता.

आता उणिवांकडे वळते. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे अभ्यासक्रमासोबत मिळणारी तयार वाक्यांची पुस्तिका. थेट तासिकेत बाई जे घडवतात ते ही पुस्तिका बिघडवते, असे म्हणण्याइतका हा विरोध ठळक आहे. तिच्यात कोणत्याही आकृतीला चालेल अशी प्रस्तावना दिली आहे, प्रत्येक टप्प्यापूर्वी लावायचे ‘फर्स्टली’, ‘सबसिक्वेंटली’, ‘देअरआफ्टर’ असे शब्द ओळीने दिले आहेत, आणि ते सगळे वापरावेत असे सुचवले आहे. प्रसिद्ध निकष मात्र जोडशब्दांच्या यांत्रिक आणि अतिरेकी वापराला दोष मानतात. वरच्या बँडमध्ये वाक्यांची सांधेजोड वाचकाच्या लक्षातही येऊ नये अशी अपेक्षा असते. ज्या उमेदवारांनी पुस्तिका पाठ केली त्यांची उत्तरे विटा, साखर आणि सिमेंट या तिन्ही विषयांत एकसारखी दिसू लागली, आणि पाठ केलेले वाक्य जेथे संपते व स्वतःचे वाक्य जेथे सुरू होते तो सांधा अनुभवी डोळ्याला लगेच दिसतो. प्रश्नातील वाक्य जसेच्या तसे उचलून प्रस्तावना करण्याचा सल्लाही पुस्तिकेत एका ठिकाणी आहे आणि तो सरळसरळ हानिकारक आहे, कारण प्रश्नातून उतरवलेले शब्द उमेदवाराचे शब्द म्हणून मोजले जात नाहीत. वर्गचालकांनी ही पुस्तिका मागे घ्यावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

उत्तरतपासणीची सेवा संमिश्र आहे. बाईंनी स्वतः तपासलेली उत्तरे पाहिली तर त्यात प्रत्येक सुधारणेमागचे कारण लिहिलेले असते. ‘येथे टप्पा चुकला’, ‘हा पर्याय आहे, क्रम नाही’, ‘हे वाक्य आकृतीत कोठे आहे?’ असे शेरे मिळतात आणि त्यातून शिकता येते. वर्गाने नेमलेल्या अन्य तपासनिसांकडे गेलेली उत्तरे मात्र ‘चांगला प्रयत्न’, ‘शब्दसंपत्ती वाढवा’ अशा शेऱ्यांसह परत येतात. एकच उत्तर दोघांकडे गेले असता अंदाजे बँडमध्ये एका पूर्ण बँडचा फरक पडल्याचे सहाध्यायी उमेदवारांनी मला दाखवले. येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अधिकृत निकालपत्रात लेखनाचा एकच बँड असतो. पहिल्या प्रश्नाला किती आणि दुसऱ्याला किती, किंवा कोणत्या निकषात किती, हे उमेदवाराला कळवले जात नाही. त्यामुळे एकट्या पहिल्या प्रश्नाला वर्गाने दिलेला बँड हा अंदाजच असतो आणि त्यावर निर्धास्त राहणे योग्य नाही. शेरे उपयोगी, आकडा गौण, अशा दृष्टीनेच ही सेवा वापरावी.

दुसरी उणीव सरावाच्या माध्यमाची आहे. अभ्यासक्रमातील सर्व आकृत्या छापील स्वरूपात येतात आणि त्यांवर पेन्सिलीने टप्प्यांना क्रमांक द्यायला, गट करायला शिकवले जाते. पद्धत उत्तम आहे, पण जे संगणकावर परीक्षा देतात त्यांना पडद्यावरील आकृतीवर अशा खुणा करता येत नाहीत. त्यांना वेगळ्या कागदावर त्रोटक टिपणे काढून काम भागवावे लागते. त्याच वेळी संगणकावर शब्दसंख्या आपोआप दिसत राहते, वाक्यांची जागा बदलता येते आणि ओव्हरव्ह्यू शेवटी लिहून वर हलवणेही शक्य होते. या फरकांचा विचार करणारी एकही तासिका ठेवलेली नाही. टंकलेखनाची सवय नसलेल्या उमेदवाराला 20 मिनिटांत 150 शब्द टंकणे ही स्वतंत्र परीक्षाच ठरते आणि तिचा सराव घडवून आणणे वर्गाला सहज शक्य होते.

वेळेच्या नियोजनाबाबत बाईंचा सल्ला ठाम आणि योग्य आहे. आकृती मनात भरली की ती पूर्णपणे सांगण्याचा मोह होतो आणि पहिल्या प्रश्नातच अर्धा तास निघून जातो. मग दुप्पट वजनाचा निबंध घाईत लिहिला जातो. आकृती पाहण्यासाठी तीन-चार मिनिटे, लिहिण्यासाठी तेरा-चौदा आणि शेवटी वाचून काळ, वचन व आर्टिकल (‘अ’, ‘अॅन’, ‘द’) तपासण्यासाठी उरलेली, अशी वाटणी त्या घड्याळ लावून करून घेतात. आर्टिकलचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मराठीत ही गोष्टच नसल्याने आपल्या उत्तरांत ती सर्वाधिक सुटते. पहिल्यांदा आलेली माती ‘क्ले’, जाळीतून गेल्यावर तीच ‘द क्ले’, हा बदल प्रक्रियेच्या वर्णनात प्रत्येक टप्प्यावर करावा लागतो, आणि शेवटची दोन मिनिटे केवळ त्यासाठी राखली तरी ती सार्थकी लागतात.

शुल्काचा विचार करता, भारतात या परीक्षेचे शुल्कच पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे आणि लेखनातील अर्ध्या बँडसाठी ती पुन्हा द्यावी लागणे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला परवडणारे नाही. त्या तुलनेत या अभ्यासक्रमाचे शुल्क वाजवी आहे. तरीही पहिला पैसा खर्च करण्यापूर्वी प्रत्येक उमेदवाराने परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी संकेतस्थळांवर विनामूल्य ठेवलेले बँडनिहाय निकष आणि नमुना प्रश्न वाचावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वर्गातील बऱ्याच जणांनी ते निकष कधी उघडलेही नव्हते. ज्याचे इंग्रजी मुळात पक्के आहे आणि जो निकष समोर ठेवून स्वतःचे उत्तर कठोरपणे तपासू शकतो, त्याला या अभ्यासक्रमाची गरज नाही. चार-पाच आकृत्यांचा प्रामाणिक सराव त्याला पुरेल. मराठी माध्यमातून आलेल्या, वाक्यरचनेत वारंवार त्याच ठिकाणी अडणाऱ्या आणि चूक दाखवणारे कोणी जवळ नसलेल्या उमेदवाराने मात्र थेट तासिकांसाठी हा अभ्यासक्रम जरूर करावा. प्रवेश घेताना उत्तरे कोण तपासणार हे आधी विचारून घ्यावे, ती बाईंकडेच जातील असे लेखी मिळाले तरच तपासणीचे वेगळे शुल्क भरावे, आणि परीक्षा संगणकावर द्यायची असेल तर छापील आकृत्यांसोबत घरी पडद्यावरचा सरावही स्वतंत्रपणे सुरू ठेवावा.